आधी टाकी, मग मासे

संपादक साहेब,

कोल्हापुरात मोठं मत्स्यालय व्हावं असं लई वाटतंय, पण उद्घाटनाच्या घाईत मासे सोडू नका. १००० लिटर पाणी म्हणजे १ टन वजन, स्लॅब त्या हिशोबानं पाहिजे, आणि माशांच्या घाणीतला अमोनिया मोडणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायलाच ४ ते ६ आठवडे जातात. माझ्या पोरानं नव्या टाकीत पहिल्याच दिवशी १० मासे सोडले, आठवड्यात सगळे मेले, कल्ले लालभडक झालेले, पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. आणि परदेशी मासे कशाला, आपल्या नद्यांतले मरळ, वांब, खडस दाखवा की! रंकाळ्यावर फिरणाऱ्या पोरांनी ते बघितलेत कुठं? जनरेटर मात्र दोन ठेवा, लाईट गेली की पंप बंद.

एक वाचक, कोल्हापूर