हत्तीची चाल, घोड्याची नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत चित्रपटसंगीतावरच्या लेखात ‘बेबी एलिफंट वॉक’ची बोळवण ‘बच्चेकंपनीची गंमत’ अशी झाली आहे. माझी उभी हयात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेली, म्हणून राहवलं नाही. ही धून ऐकायला सोपी आहे, वाजवायला अजिबात नाही.

हेन्री मॅन्सिनींनी ती १९६२च्या ‘हटारी’साठी केली. आफ्रिकेत जनावरं पकडणाऱ्यांचा सिनेमा, जॉन वेनचा. हत्तीची पिल्लं एका बाईमागून पाण्यावर निघालीत, एवढाच प्रसंग. त्यांची पावलं बघून मॅन्सिनींना बुगी-वुगी या जुन्या अमेरिकन पियानो-शैलीचा ठेका सुचला, एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, आठ ठोके. खाली तो जड ठेका आणि वर चिमुकल्या क्लॅरिनेटचा नखरा. दोघं आपापल्या तोऱ्यात चालतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. हसू येतं ते तिथे. वाजवणाऱ्याने मुद्दाम हसवायला घेतलं की मजा गेलीच.

मूळ ध्वनिमुद्रणात ई-फ्लॅट क्लॅरिनेट आहे, आकाराने लहान आणि उंच पट्टीचं. आमच्याकडे नेहमीचं बी-फ्लॅट, त्याहून मोठं आणि खालच्या पट्टीचं. वरच्या सुरांत ते चिरकतं, आणि वरातीत चालता चालता तर ओठ जागेवर राहतील तर शपथ. त्यात सगळे घाई करायचे. मास्तर ओरडायचे, “अरे हळू! हत्ती आहे, घोडा नाही.” पुढे नवरदेव घोड्यावरच असायचा, ते सोडा. सिनेमा आमच्यातल्या एकानेही पाहिला नव्हता, वऱ्हाडाने तर नाहीच. तरी लक्ष्मी रोडवर ही धून सुरू झाली की पोरं नाकापुढे हात धरून सोंड हलवत चालायला लागायची. त्यांना कुणी सांगितलं होतं? गणपतीत एका कार्यकर्त्याने ‘हे इंग्रजी कशाला’ म्हणून हरकत घेतली, तेव्हा मास्तरांनी त्यालाच विचारलं, “बाप्पापुढे हत्तीची चाल नाही वाजवायची, तर कुणापुढे वाजवायची?”

हल्ली समारंभांत ही धून कीबोर्डवर दुप्पट लयीत वाजते. त्यात ना हत्ती उरतो ना पिल्लू. तुमच्या लेखकांनी बहुधा तीच ऐकली असावी.

अजून एक. या धुनेला ग्रॅमी मिळालं ते वाद्यवृंद-संयोजनासाठी, म्हणजे कोणता सूर कोणत्या वाद्याला द्यायचा या अकलेसाठी. आपल्याकडे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांची नावं सगळ्यांना पाठ, पण त्यांच्या गाण्यांची अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा किती वाचकांना माहीत असतील? पुरवणीत गाण्यांवर लिहाल तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या खाली अरेंजरचंही नाव छापा. एक ओळ जास्त लागेल, तेवढी जागा जाहिरातीतून काढता येईल.

आपला,
एक निवृत्त क्लॅरिनेटवादक
रविवार पेठ, पुणे