जिन्यावरून नव्हे, पानशेतच्या पाण्यात

पुणे, डिसेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात पायाला चार टाके पडल्याचे मी फोनवर सांगितले आणि कारण विचारल्यावर सोसायटीच्या जिन्यावरून घसरले असे म्हणाले, ते खरे नव्हते. आई, जिन्यातला दिवा बदलून घे म्हणून तू त्यानंतर दोनदा बजावलेस, आणि दर वेळी मला माझे खोटे बोलणे जास्त टोचले. ती जखम पानशेतच्या जलाशयात झाली. बाबा, हे नाव वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवाल हे मला ठाऊक आहे. नेमके म्हणूनच मी लपवले होते.

१२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम अजून चालू असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नारायण पेठेतल्या आपल्या बिऱ्हाडातले आजीचे शिवणयंत्रसुद्धा वाहून गेले, तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात. पुढे तुम्ही मला टिळक तलावात पोहायला घातलेत, पण नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यात पाऊल टाकू दिले नाहीत. (निवृत्तीनंतर तुम्ही गुहागरला अगदी समुद्राकाठी जाऊन राहिलात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.)

आता मी तिथे काय करते ते नीट सांगते, कारण अर्धवट कळले की काळजी दुप्पट होते. एका फळीवर उभे राहून हातात शीड धरायचे, म्हणजे विंडसर्फिंग, हे तुम्ही पाहिले असेल. माझ्या फळीच्या खाली मात्र सुमारे मीटरभर लांबीची एक उभी पट्टी असते आणि तिच्या टोकाला विमानासारखे दोन पंख असतात, पुढे मोठा आणि मागे लहान. याला फॉइल म्हणतात. पुढच्या पंखाचे क्षेत्रफळ साधारण आपल्या जेवायच्या पाटाएवढे, पण आकार लांबट. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्यामुळे एवढासा पंखही माणसासकट फळी उचलून धरतो. वेग दुप्पट झाला की उचलणारा जोर चौपट होतो, त्यामुळे सारी कसोटी सुरुवातीचा तो थोडासा वेग मिळवण्यातच असते.

दिवाळीनंतर पानशेतला वारा फारसा नसतो. त्या दिवशी दुपारी तो जेमतेम ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास होता. एवढ्या वाऱ्यात साधी फळी नुसती रेंगाळते. अशा वेळी शीड अंगाकडे जोरात ओढून पुन्हा सैल सोडायचे, असे सात-आठ वेळा लागोपाठ केले की फळी हळूहळू पुढे सरकू लागते. मग एका क्षणी तिच्या पोटाखाली चाललेली पाण्याची चुळचुळ अचानक थांबते. फळी पाण्याच्या वर आलेली असते, पाण्यात फक्त ती पट्टी आणि पंख उरतात, आणि इतकी शांतता होते की पलीकडच्या तीरावरची टिटवी ऐकू येते. वर आल्यावर पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो, आपल्याच वेगामुळे समोरून येणारा वारा शिडाला मिळत राहतो आणि मूळ वारा थोडा पडला तरी फळी खाली बसत नाही. गुहागरच्या किनाऱ्यावर शिडाच्या होडीचे कोडकौतुक करणारी आई हे सहज समजून घेईल. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा खेळला गेला, तेव्हा ही केवळ माझी एकटीची लहर आहे असेही समजू नका.

चूक माझीच झाली. फळी वर आल्याच्या आनंदात मी वजन मागच्या पायावर जास्त टाकले, फळी हवी त्याहून वर गेली, पंख पाण्याबाहेर डोकावला आणि त्याचा आधार तुटताच मी पुढे कोसळले. पंखाची कड नडगीला लागली. अंगात जीवरक्षक जाकीट होते, डोक्यावर शिरस्त्राण होते, मैत्रीण होडी घेऊन दोन मिनिटांत आली, पण नडगीवर काही बांधलेले नव्हते. आता त्यासाठी जाड पट्टे आणले आहेत आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही त्याच संध्याकाळी घेतले होते. आई, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

डॉक्टरांनी टाके निघेपर्यंत पाण्यात जाऊ नका म्हणून सांगितले, त्यामुळे पुढच्या रविवारी मी विठ्ठलवाडीला मुठेच्या काठाने निघालेल्या एका निसर्गफेरीत सामील झाले. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक सोबत होते. मंदिरापासून जेमतेम दीड किलोमीटर गेलो, पण त्याला अडीच तास लागले. पाणी चांगले नव्हते, हे आधीच सांगते. पावसाळा संपला की धरणाचे पाणी नदीत फारसे सोडले जात नाही, ते शहराच्या नळांना आणि कालव्याला जाते, आणि नदीत उरते ते बहुतांशी सांडपाणी. तशा पाण्यातही लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलातल्या अळ्या टिपत फिरत होते, कारण घाणीत अळ्या भरपूर असतात. आई, तिथे बदकांची एक जोडी होती, त्यांच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाशी दोन लाल ठिपके. त्यांना हळदी-कुंकू बदक म्हणतात हे ऐकल्यावर मला तुझीच आठवण झाली. सरांनी एक वाळुंजाचे झाड दाखवले. पूर आला की ते वाकते, पण त्याची मुळे काठाची माती धरून ठेवतात. काठावर काँक्रीटची भिंत उठली की त्याला जागाच उरत नाही, एवढेच ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. मला त्यांची ती चीड आवडली.

बाबा, तिथे उभी असताना माझ्या मनात आले की ज्या धरणाचे नावही तुम्हाला नको असते, त्याच पानशेतचे पाणी पुढे बांधून पुरे झालेल्या धरणातून खडकवासल्यामार्गे आपल्या नळाला येत होते, आणि त्याचाच चहा तुम्ही पुण्यात असेपर्यंत रोज दोनदा प्यायलात. पानशेतला चला असे मी म्हणत नाही. संक्रांतीला तुम्ही दोघे इकडे याल, तेव्हा विठ्ठलवाडीची फेरी मात्र जमेल. सकाळी सातला निघतात, वाट सपाट आहे, आईच्या गुडघ्यासाठी मध्ये बसायला पार आहे आणि थर्मास मी घेईन. त्यानंतर आपण रिक्षाने नारायण पेठेत जाऊ. त्या दुपारी आजोबा तुम्हाला खांद्यावर घेऊन कोणत्या बोळातून उंचावर निघाले, हे तुम्ही आजवर सांगितलेले नाही. ती वाट मला चालून दाखवा.

आपली लाडकी,
सुनीता

ता. क. — जिन्यातला दिवा खरोखरच बंद होता. काल बदलून घेतला.