शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचा बर्फाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. शेवटच्या दिवशी गडबडीत राहिला, आणि तुमचा नंबर घ्यायचाही राहून गेला, म्हणून हे उघड पत्र. तुम्हाला वाचता येत नाही हे माहीत आहे. पण तुमचा मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतो, ही तक्रार तुमचीच. सोलापुरात तुमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, कुणा ना कुणाच्या फोनवर हे पोचेल.

डिसेंबरात माझं पहिलं केमो. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला महिना झाला होता. हातात फाइल, फाइलीत सगळे इंग्रजी कागद, आणि दोन मिनिटांत उरकलेली माहिती. सिस्टर ते लालभडक औषध हळूहळू शिरेत सोडायला लागल्या आणि माझे डोळे भरले. तुमची ती तिसरी खेप. "रडालीस कशाला? तोंड उघड," म्हणालात आणि बर्फाचा खडा जिभेवर ठेवलात. गारठ्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आखडतात, औषध तिथं कमी पोचतं, तोंड कमी सोलवटतं, हे मला मागाहून कळलं. मग कानाशी येऊन हळूच, "आज लघवी लाल व्हती बग. रगत न्हाई ते, औषधच हाय." तुम्ही सांगितलं नसतं तर त्या संध्याकाळी मी बाथरूममधून किंचाळतच बाहेर आले असते.

दोन-दोन औषधं कशाला, एकच का नाही, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. लाल ते डॉक्सोरुबिसिन, दुसरं सायक्लोफॉस्फामाइड, ही नावं ऐकून पुढचं विचारायचं धाडसच झालं नाही. तुम्ही म्हणालात, "चोराच्या घराला पुढचं दार असतंय, मागचं असतंय. एकाच दाराला पोलीस उभा केला तर?" पुढं रजेत मी वाचत बसले. इटलीतल्या मिलानचे डॉक्टर जियानी बोनाडोना यांनी ऑपरेशननंतर तीन औषधं एकत्र देऊन पाहिली होती. नुसतं ऑपरेशन झालेल्या बायकांपेक्षा या बायकांचा आजार कमी उलटला, हे त्यांनी 1976 साली छापलं. एका औषधाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते. शिवाय प्रत्येकाचा त्रास वेगळ्या जागी, म्हणून एकत्र दिली तरी झेपतात. लाल औषधाचा धोका हृदयाला, म्हणून आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दुसऱ्याचा मूत्राशयाला, म्हणून तांब्यावर तांब्या पाणी. एवढं वाचून मी तुमच्या दोन दारांशीच येऊन थांबले. शाळेत शिकवते मी, पण असं एका वाक्यात सांगणं मला जमलं नसतं.

आता भोगीच्या दिवसाचं. दुसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. घरचे सगळे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला गेलेले, मी एकटी. दुपारी अंग कसकसलं. थर्मामीटर 101. हाताशी तापाची गोळी होती, घेऊन झोपले असते. आजवर तेच करत आलो की आपण. पण तुम्ही खुर्चीवरून बोट नाचवत सांगितलं होतं, "शंभराच्या वर काटा गेला की गोळी खायची न्हाई. आदी दवाखाना." तुमच्या दुसऱ्या खेपेला तुम्ही गोळी खाऊन दोन दिवस काढले होते, त्याची किंमतही सांगितली होती. मी रिक्षा बोलावली. यात्रेच्या गड्ड्यातल्या, म्हणजे जत्रेतल्या गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत अंधार पडला. पांढऱ्या पेशी घसरून 800पर्यंत आलेल्या. ताबडतोब शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, पाच दिवस राहिले. पुढचं केमो आठवडाभर लांबलं, आणि त्यानंतर दर खेपेला पेशी वाढवायचं इंजेक्शन. गोळीनं ताप उतरला असता आणि आत काय चाललंय ते कळलंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मावशी, त्या दिवशी मी तुमचं ऐकलं म्हणून आज हे लिहितेय.

मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे वेगळं औषध, बारा वेळा. त्यानं हातापायांची बोटं बधिर होऊ शकतात. तुमची बोटं मला अजून दिसतात. सलाइन चालू असतानाही रिकाम्या हातानं पदराचा काठ वळत बसायचात, विडी वळावी तसा. एक दिवस हात थांबले. "दोरा बसला का न्हाई, बोटाला कळंनाच," म्हणालात. हजार विड्यांचा हिशेब बुडेल म्हणून घरात बोलला नव्हतात, आणि डॉक्टरांनाही तीन आठवडे सांगितलं नव्हतं. शेवटी डोस कमी करावा लागला. "माझ्यावानी लपवू नको," एवढंच मला म्हणालात. माझ्या तळपायाला मुंग्या आल्या त्याच आठवड्यात मी सांगून टाकलं. आता खडू नीट धरता येतो. तुमची बोटं कशी आहेत, हे मात्र मला माहीत नाही. तुमचं बारावं आणि माझं पाचवं एकाच दिवशी झालं, आणि तुम्ही घरी गेलात. पुढचे सात आठवडे, ऐन उन्हाळ्यात, त्या खुर्चीवर वेगवेगळ्या बायका येऊन बसल्या. दोघींना मी तुमच्याच डब्यातला बर्फ दिला.

डब्यावर तेलुगूत नाव कोरलंय. आमच्या शाळेतल्या एका बाईंकडून वाचून घेतलं, तर ते पुरुषाचं निघालं, मालकांचं असावं. म्हणजे तुमचं नाव मला अजूनही ठाऊक नाही. चार महिने नुसतं मावशी-मावशी केलं.

माझी तपासणी सोमवारी असते. डबा बरोबर आणत जाईन. रिकामा द्यायचा नाही म्हणून शेंगाचटणी केली आहे. तुम्हाला तिखट चालायला लागलं का, तेवढं मुलाकडून कळवा.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीवरची मास्तरीण