पिल्लू आणले म्हणजे उपचार झाले, असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले आणि कुत्री यांच्यावरचा लेख वाचला. 'घरी कुत्रा आणा, मूल बोलू लागेल' असे चौकटीत ठळक छापले आहे. हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हाला सांगितले होते आणि आम्ही ते ऐकले. म्हणून हे पत्र.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. बोलणे जवळजवळ नाही, कुकरची शिट्टी झाली तरी दोन्ही हात कानांवर. घोडबंदर रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही लॅब्रॅडॉरचे दीड महिन्याचे पिल्लू आणले. दात येऊ लागले तसे ते दिसेल ते चावू लागले. मुलगा रोज एका ओळीत गाड्या मांडतो, त्या ओळीला घरात कोणी हात लावत नाही. पिल्लाने त्या गाड्या चावल्या. ते भुंकले की मुलगा मोरीत जाऊन दार लावून घ्यायचा. रात्री पिल्लू रडायचे, पहाटे मुलगा. सव्वादोन महिन्यांनी ते शहापूरला भावाच्या शेतावर नेऊन सोडले. ते गेल्याचे मुलाला वाईट वाटले की सुटल्यासारखे झाले, हे तो सांगू शकला नाही. मला ते अजून सलते.

पुढे दोन वर्षांनी ठाण्यातच एका थेरपी केंद्रात, अशा मुलांसोबत राहायला शिकवलेली एक कुत्री भेटली. मोठी, शांत, लसी झालेली, आणि कायम तिला सांभाळणाऱ्या ताईंबरोबर. पहिले तीन गुरुवार ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या सतरंजीवर नुसती पडून होती. चौथ्या गुरुवारी मुलगा आपणहून गेला. मग तिला विंचरायचे ठरले, मोजून दहा वेळा. एकदा सातव्यालाच तिने मान वळवली. ताई म्हणाल्या, "तिला आता पुरे झालं." मुलगा थांबला. त्याच आठवड्यात घरी मी त्याचे केस विंचरत असताना त्याने माझा हात बाजूला केला आणि म्हणाला, "पुरे." तो शब्द कुत्रीने दिला असे मी म्हणणार नाही. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी चार वर्षे चालू होतीच.

तुमच्या लेखात अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचे नाव आहे. १९६२ च्या आपल्या लेखात त्यांनी कुत्र्याला 'सहउपचारक' म्हटले, म्हणजे उपचार करणारा माणूस खोलीत होताच. तुमच्या छायाचित्रात तो माणूस कुठे आहे? मुलाने कुत्र्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आहे, कुत्र्याचे कान मागे गेले आहेत, तोंड दुसरीकडे आहे, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो आहे. ताईंनी आम्हाला हेच ओळखायला शिकवले होते: आता त्याला नको आहे. असा कुत्रा चावला तर दोष कोणाला देणार? आणि काही मुलांना कुत्र्याची भीतीच वाटते, त्यांच्या आईबापांसाठी लेखात एक ओळही नाही.

लिहायचेच असेल तर लिफ्टबद्दल लिहा. गेल्या मे महिन्यात केंद्र बंद होते, म्हणून ताई कुत्रीला घेऊन आमच्या घरी येणार होत्या. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने त्यांना खालीच अडवले. कमिटीचा नियम, कुत्रे लिफ्टमध्ये नाही. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो कागद मी सेक्रेटरींना दाखवला. ते म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवू. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. त्या उन्हात कुत्रीला जिन्याने चढवणे ताईंना पटले नाही, त्या परत गेल्या. मुलगा कंगवा हातात घेऊन पाऊण तास दारात उभा होता.

आपली,
एक आई, ठाणे (पश्चिम)