अजून दोन वर्षं इथेच

ती. आई-बाबांस,
सा. न.

हे फोनवरच सांगायचं ठरवलं होतं. पण आई नुसतं "बरं" म्हणाली की मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे. उपग्रहाचं काम पुढची दोन वर्षं सांभाळायला मी सरांना होकार दिला आहे. या वर्षी मी परत येऊन राहणार असं आपण धरून चाललो होतो, ते आता होणार नाही. बाबा, लगेच चष्मा काढून कपाळ चोळू नका. आधी शेवटपर्यंत वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

वरची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीत, हे दादाकडून कळलं. त्यानंतर होकार देणं मला फार जड गेलं. खोली तशीच राहू दे. मी सुट्टीत तिथेच झोपणार आहे, ताईची मुलं आली तरी.

उपग्रह सोडेपर्यंतची धावपळ तुम्ही पाहिलीत. तेवढ्याने काम संपायला हवं होतं, असं आईला वाटतं, आणि तसं वाटणं चुकीचंही नाही. पण बघा ना, तो साधारण ५०० किलोमीटर उंचीवरून ९५ मिनिटांत एक फेरी मारतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ पंधरा. त्याची कक्षा ध्रुवांच्या जवळून जाते आणि विषुववृत्ताशी ९७ अंशांहून थोडी जास्त कललेली आहे. हा कल मुद्दाम ठेवलेला असतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षेचं प्रतल रोज जवळजवळ एक अंश पूर्वेकडे वळत राहतं, आणि पृथ्वीही सूर्याभोवती रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. त्यामुळे तो दिवसा एखाद्या शेतावरून जातो तेव्हा तिथे सकाळचे साडेदहाच्या आसपास झालेले असतात. आजही, आणि सहा महिन्यांनीही. कुठलं इंधन नाही, इंजिन नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही म्हणून हे जमतं! मला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा बाबा, तुम्हालाच फोन करावासा वाटला होता.

आमचा कॅमेरा लाल आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त असे दोन प्रकाश टिपतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त परत फेकतं, त्यावरून खालची हिरवाई कशी आहे ते कळतं. वेळ तीच असली तरी उन्हाचा कोन ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून या मार्चची तुलना पुढच्या मार्चशीच करायची. एका वर्षाचे फोटो माझ्या हातात आहेत, पण ते शेजारी ठेवून बघायला दुसरं वर्ष हवं. आत्ता सोडून आले तर तुमच्याजवळ बसूनही माझं मन इथेच राहील, आणि आईला ते पहिल्या दिवशीच कळेल.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की हे संगणक करत नाही का. अँटेना तोच फिरवतो. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना त्याच्या रेडिओची कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते, तीही तोच सावरतो. पण अंतराळातल्या किरणोत्साराने मेमरीतला एखादा बिट उलटतो, म्हणजे शून्याचा एक होतो किंवा एकाचा शून्य, वरचा संगणक स्वतःला रीसेट करतो, आणि पुढच्या पासला, म्हणजे तो पुन्हा आमच्या वरून जाईल तेव्हा, आधी काय विचारायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. एक पास जेमतेम दहा मिनिटांचा. ज्यांनी तो बांधला त्यातले बहुतेक जण नोकरीला लागले. नवी मुलं हुशार आहेत, पण त्यांना शिकवायला तर कुणी हवं. विद्यापीठांच्या कितीतरी उपग्रहांचा वर गेल्यावर एकही शब्द ऐकू आलेला नाही. आमचा बोलतो आहे, बाबा. टोकियोच्या विद्यार्थ्यांनी ३० जून २००३ ला सोडलेला दहा सेंटिमीटरचा ठोकळा कितीतरी वर्षं बोलत राहिला, कारण खाली ऐकणारी माणसं टिकली. आणि २२ जून २०१६ ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' गेला, एक किलोपेक्षाही हलका, तेव्हा ती बातमी कापून माझ्या वहीत कुणी ठेवली होती?

आमचा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की प्रत्येक फेरीत अर्धा तासभर अंधारात असतो, नुसत्या बॅटरीवर. बाहेर आला की त्याचे आकडे येतात, व्होल्टेज, बॅटरीचं तापमान, आणि मी ते ओळीने बघत बसते. मला टायफॉइड झाला होता तेव्हा तुम्ही दर तासाला उठून वहीत ताप लिहायचात, अगदी तसं. ती निळी वही अजून आईच्या कपाटात आहे ना? टाकू नका.

आता तुमच्यासाठीही एक वही करा. बाबा, रोज सकाळी चहाच्या आधी बीपी मोजायचं, तारीख घालून लिहायचं आणि रविवारी मला फोटो पाठवायचा. गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम तू करत नाहीस, दादाने सांगितलं आहे. मागच्या दाराची ती पायरी दुरुस्त होईपर्यंत तिकडून जायचं नाही, दोघांनीही. आंघोळीच्या जागी कठडा बसवायचे पैसे मी दादाकडे पाठवले आहेत, त्यावर वाद नको.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, झोपही होते. रात्रीचे पास नऊ ते बाराच्या मध्ये येतात, म्हणून त्या वेळी फोन उचलत नाही. मी रागावलेली नसते गं आई. संध्याकाळी सात वाजता मीच रोज फोन करेन. बोलायला काही नसलं तरी करेन.

पुढे तो हळूहळू खाली येईल, हवेच्या विरळ थराशी घासत, आणि काही वर्षांत जळून जाईल. मी त्या दिवसापर्यंत थांबणार नाही. दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं, आणि सरांनाही मी तसंच सांगितलं आहे.

तुमची,
चिमी

ता. क. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येते आहे, तिकीट काढलं. त्या आठवड्यात इथलं काम नवी मुलं बघतील. डॉक्टरांनी तारीख बदलली तर मला त्याच दिवशी कळवा, "उगाच तिला कशाला त्रास" म्हणून लपवू नका. तिकीट बदलता येतं, मी विचारून ठेवलं आहे.