आठवीच्या बाईंना, सर्व्हेवाल्या मुलीकडून

बाई, नमस्कार.

तुम्ही मला कधी शिकवलेलं नाही तरी बाईच म्हणते, वर्गातली पोरं म्हणायची तेच तोंडात बसलंय. टीवायचा, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाचा, तुमच्या आठवीच्या पोरांना मानवी हक्कांची किती माहिती आहे या सर्व्हेचा प्रोजेक्ट झाला, प्रेझेंटेशन झालं, मार्कही आले. रिपोर्टमधल्या आभाराच्या पानावर तुम्हाला एक ओळ मिळाली, तीही प्राचार्य, एचओडी आणि झेरॉक्सवाल्या दादांच्या खाली. ते काय मला पटलं नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी शाळा, गणिताच्या बाई, एवढं पुरे.

आमच्या हातात जी प्रश्नावली होती ती मागच्या बॅचेसपासून चालत आलेली. मानवी हक्क म्हणजे काय माहीत आहे का, हो, नाही, सांगता येत नाही. जागतिक जाहीरनामा कोणत्या साली, १९४८ का १९५०. तुम्ही ती वाचलीत आणि आम्हाला बाकावर बसवून म्हणालात, आधी तुम्हीच भरा बघू. आम्ही भरली. मग म्हणालात, माझी पोरं पण सगळी हो वरच टिक करणार, रोज परिपाठाला उद्देशिका म्हणतात, न्याय स्वातंत्र्य समता बंधुता तोंडपाठ आहे, त्यातून तुम्हाला कळणार काय?

मग तुमच्या ऑफ तासाला बसून आपण प्रश्न फिरवले. शेजारच्या दादाला पोलिसांनी पकडून नेलं तर किती वेळात कोर्टापुढे न्यायला पाहिजे? होमवर्क केला नाही म्हणून छडी मारली, चालतं का? केस लढवायची आहे पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत, मग? व्याख्या एकही नाही, सगळं असंच.

आणि फॉर्म वाटायच्या दिवशी तुम्ही स्वतः वर्गाबाहेर गेलात. मी इथे उभी असले तर छडीच्या प्रश्नाला खरं कोण लिहील, असं म्हणून गेलात, आणि दुसऱ्या सरांनाही चहाला घेऊन गेलात. पोरांना सवय आहे ना, कागद हातात आला की आधी नाव, हजेरी नंबर, तुकडी, तर ती वरची पट्टी कात्रीने कापून टाकायची हे पण तुम्हीच सुचवलेलं. आमच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात यावर अख्खा चॅप्टर आहे पण कात्री कुठेच नाही.

विडीचा प्रश्न मात्र मला अजून आठवतो. घरात कोण काम करतं असा साधाच प्रश्न होता, आणि निम्म्या वर्गाच्या घरी आई नाहीतर आजी विड्या वळते, शाळा सुटली की पोरी पानं कापायला नाहीतर दोरा बांधायला बसतात. एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे लिहिलं तर आईला पोलीस नेतील का? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो कारण विडी वळणं १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या यादीत होतं हे आम्हाला पाठ होतं पण तिला काय सांगायचं ते नव्हतं. तुम्हाला बोलावलं. तुम्ही तिच्याशी आणि मागच्या दोघींशी तेलुगूत काहीतरी बोललात, मग आमच्याकडे वळून म्हणालात हा प्रश्न खोडा. डेटा जाईल म्हटलं तर म्हणालात जाऊ दे. त्या कॉलममध्ये आमच्या एक्सेलला आजही काही नाही आणि व्हायवाला बाहेरच्या सरांनी नेमकं तेच विचारलं. जे झालं ते सांगितलं, सर पुढच्या प्रश्नावर गेले.

रिझल्ट तुम्हाला माहीतच आहेत पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. २४ तासांचं उत्तर बहुतेकांना आलं, आणि ते नागरिकशास्त्रातून नाही तर टीव्हीवरच्या क्राईमच्या सिरियलमधून! फुकट वकिलाचं जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं, १९८७ च्या कायद्याने बाया आणि मुलांना उत्पन्न न बघता तो मिळू शकतो, म्हणजे त्यांना स्वतःला आणि त्यांच्या आयांनाही. छडीला मात्र बऱ्याच जणांनी चालतं लिहिलं. एकाने खाली जागा नव्हती तरी लिहिलं, नाही मारलं तर आम्ही सुधरणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याचं कलम १७ मारायला आणि मानसिक त्रास द्यायला सरळ मनाई करतं, आणि ज्यांच्यासाठी ते आहे तीच पोरं छडीची बाजू घेतायत. हे पान काढा असं तुम्ही म्हणू शकला असता, शाळा तुमची होती. तुम्ही उलट ते पहिलं ठेवा म्हणालात.

कॉलेजच्या आधी पोरांना दाखवायचं हा हट्टही तुमचाच. आम्ही थ्रीडी पाय चार्ट केलेले, रंगीबेरंगी, त्यात लहान तुकडा पण मोठा दिसतो म्हणून तुम्ही ते बाद केलेत आणि कार्डशीटवर स्केचपेनने साधे उभे पट्टे काढायला लावलेत, टक्के नकोत, किती पोरांनी काय लिहिलं तेवढंच. पोरं पट्ट्यांत स्वतःला शोधत होती. मागून एकजण ओरडला, काय बे, छडीवाला पट्टा तुझाच की! आणि अख्खा वर्ग हसला, मग त्याच वर्गात छडीवर जे भांडण लागलं ते घंटा झाली तरी थांबेना. १० डिसेंबरला कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही तेच सगळं पीपीटीवर दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या पण भांडलं कुणी नाही.

कार्डशीट मी न्यायला येणार होते, पण कळलं की पोरांनी तुमच्या वर्गातच लावलेत आणि फुकट वकिलाच्या पट्ट्याखाली जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहिलाय. राहू देत तिथेच. यावर्षीची टीवायची बॅच जानेवारीत परवानगीचं पत्र घेऊन येईल, मी त्यांना तुमच्याकडेच पाठवतेय. त्यांची प्रश्नावली पण आधी त्यांच्याकडूनच भरून घ्या.

तुमची,
सर्व्हेवाली