बॉनेटवरचे ४० मायक्रॉन

चिंचवड,
दि. १८ जून

प्रिय बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी जेवताना तू नोकरी सोडण्याचा विषय काढलास आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो, याबद्दल तुझ्या आईने मला तीन दिवस पुरेसे ऐकवले आहे. समोरासमोर बोलताना माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. वीजतंत्रीचे काम सोडून गाड्यांच्या डिटेलिंगचा, म्हणजे गाड्या धुऊन-घासून चमकवून देण्याचा, धंदा काढण्याला माझा विरोध आहे, असा तुझा समज झाला असेल तर तो अर्धाच खरा आहे. धंद्याला माझी हरकत नाही. ज्या वस्तूवर, म्हणजे गाडीच्या रंगाच्या थरावर, तू हा धंदा उभा करणार आहेस ती किती पातळ आहे, हे तुला अजून पुरते उमगलेले नाही असे मला वाटते, आणि त्या वस्तूच्या संगतीत माझी ३२ वर्षे गेली असल्यामुळे ते मीच सांगायला हवे.

आमच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमध्ये गाडीची बॉडी कशी रंगते हे मी तुला लहानपणी सांगत असे, पण तेव्हा तुला त्यातला फक्त ओव्हन आवडायचा. आता पुन्हा ऐक. कोरा पत्रा आधी धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर देतात, मग संपूर्ण बॉडी ईडीच्या, म्हणजे इलेक्ट्रोडिपॉझिशनच्या, टाकीत बुडवून विजेच्या दाबाने साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर चढवतात आणि तो १७० अंशांच्या आसपास भाजतात. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा प्रायमर, त्यावर ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो १५-२० मायक्रॉनचा बेस कोट, आणि सर्वांत वर ४० मायक्रॉनच्या आसपासचा बिनरंगी क्लिअर कोट. हे सगळे मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन होतात. माणसाच्या डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे पत्र्यावरचे सगळे थर मिळून दोन केसांएवढेही भरत नाहीत, आणि तुझे मशीन चालणार ते त्यातल्या वरच्या अर्ध्या केसावर. फिनिशिंगच्या हाताला त्यातला एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, लोकरी पॅडने जोरात रबिंग केले तर चार-पाचही जातात, आणि गेलेला मायक्रॉन कोणत्याही बाटलीतून परत येत नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारा जो अंश असतो तो याच थरात असतो. तो बेताबाहेर झिजला की दोन-चार उन्हाळ्यांत टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देते, पण खरा हात कोणाचा हे आपल्याला ठाऊक असते.

मला हे ठाऊक आहे, कारण त्यात माझाही हात आहे. १९९८ साली कारखान्यात मंदी आली, ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही काही दिवस कारखाना बंद ठेवणे, सुरू झाले, तेव्हा पगारात भागेना म्हणून मी एका ओळखीच्या गृहस्थांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात रबिंग-पॉलिशला जात असे. घरी मी ओव्हरटाइम आहे असे सांगत होतो, हे तुझ्या आईला आज पत्र वाचूनच कळेल. एका मरून रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर, जिथे पत्र्याला कड येते तिथे, मी रोटरी मशीन क्षणभर जास्त थांबवले. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो हे मला दुसऱ्या कोणापेक्षाही चांगले माहीत होते, तरीही थांबवले. रुपयाएवढा करडा प्रायमर उघडा पडला. मी त्यावर बारीक ब्रशने रंग लावला, वर भरपूर वॅक्स घासले आणि गाडी संध्याकाळी सोडली. तीन आठवड्यांनी, वॅक्स धुऊन निघाल्यावर, गाडीचे मालक परत आले. त्या गृहस्थांनी पूर्ण बॉनेट स्वतःच्या खर्चाने रंगवून दिले, माझ्याकडे एक पैसा मागितला नाही आणि मला पुन्हा कधी बोलावले नाही. त्या गॅरेजवरून जाणारी बस मी पुढे कितीतरी वर्षे टाळत असे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की महागडे पॉलिशर घेण्याआधी थर मोजण्याचे मीटर घे, आणि लोखंडाबरोबर ॲल्युमिनियमवरही चालेल असे घे, कारण आता काही गाड्यांची बॉनेटे ॲल्युमिनियमची असतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालणार नाही, तिथे अनुभवच कामी येईल. गाडी आत घेताना मालकाला शेजारी उभे करून प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोज आणि आकडे एका कार्डावर लिहून त्यावर त्याची सही घे. १०० ते १३० आले तर रंग बहुधा मूळचा असतो. ३०० आले तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला आहे. हजारापुढे गेले तर खाली पुट्टी आहे. सेकंडहँड गाडी ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून घेतलेल्या माणसाला ही बातमी तुझ्या तोंडून कळेल आणि त्याचा राग आधी तुझ्यावरच निघेल, त्याची तयारी ठेव. पण ८० आले, तर मशीन खाली ठेवून ‘या पत्र्यावर मी पॉलिश करणार नाही’ असे तोंडावर सांगता आले पाहिजे. नुसते कोटिंग, म्हणजे वरचा काचेसारखा संरक्षक थर, कर, ओरखडे राहू दे, पैसे कमी घे. तुझ्या शेजारचा दुकानदार तीच गाडी आनंदाने घासून देईल आणि त्या दिवशी ती तुझ्या गाडीपेक्षा जास्त चमकेल, हे मान्य करूनच या धंद्यात उतर.

तुझ्या जाहिरातीच्या मसुद्यात ‘९एच, हिऱ्यासारखे कठीण’ असे लिहिले होतेस ते काढून टाक. ते ९एच म्हणजे काय हे आमच्या प्रयोगशाळेत रोज पाहायला मिळे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात धरून रंगावर दाबून ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहायचे. त्या संचातली सर्वांत कठीण पेन्सिल ९एच. कोटिंग त्या पेन्सिलीला टिकले, एवढाच त्याचा अर्थ, आणि पेन्सिलीत असते ग्राफाइट आणि माती. रस्त्यावरची वाळू त्याहून कितीतरी कठीण असते. एखाद-दोन मायक्रॉनचा तो काचेसारखा थर पाणी झटकतो, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा लवकर चिकटू देत नाही, धुणे सोपे करतो, आणि हे गुण काही थोडे नाहीत, तेवढेच सांग. दगडापासून संरक्षण हवे असेल तर दीड-दोनशे मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, वेगळी, तिचा खर्च वेगळा आणि ती लावण्याचे कसबही वेगळे.

आणखी एक गोष्ट लोकांना सांगावी लागेल. बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा सोसायटीत पहाटे एका बादलीत वीस गाड्या पुसणाऱ्या माणसाच्या फडक्याने पडलेले असतात. त्या बिचाऱ्याला महिन्याकाठी मिळतात थोडके पैसे आणि पाणी मिळते एक बादली. त्याला दोष देऊ नकोस. पण कोटिंग केलेली गाडी दुसऱ्याच दिवशी त्याच फडक्याखाली जाणार असेल तर तुझे तीन दिवस वाया गेले. दसऱ्याला नव्या गाडीच्या बॉनेटवर काढलेल्या हळदी-कुंकवाच्या स्वस्तिकाचेही तेच. पूजा जरूर करा, पण संध्याकाळपर्यंत धुऊन टाका, हे गोड शब्दांत सांगण्याची हातोटी तुला तुझ्या आईकडून शिकावी लागेल, माझ्याकडून ती मिळणार नाही.

आता जागेविषयी. तू पाहिलेला गाळा स्वस्त आहे, कारण त्याला लागून पेंटिंगचे गॅरेज आहे. मी ३२ वर्षे कामावर जाताना केसांना जेल किंवा अंगाला सुगंधी फवारा लावला नाही, ते वैराग्य म्हणून नव्हे. त्यातल्या सिलिकॉनचा अंशही ओल्या रंगावर पडला तर खड्डे पडतात, क्रेटर येतात, आणि अख्खी बॉडी परत घासावी लागते. तुझ्या टायर पॉलिशमध्ये आणि डॅशबोर्डच्या फवाऱ्यात नेमके तेच सिलिकॉन असते. तुझा फवारा त्याच्या रंगात जाईल, त्याच्या गनचा उडालेला रंग तुझ्या ओल्या कोटिंगवर बसेल, आणि पहिल्या महिन्यातच तुमची भांडणे लागतील. तो गाळा घेऊ नकोस. दुसरे म्हणजे पाणी. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येते, तेव्हा बोअर किंवा टँकर गृहीत धरावाच लागेल, आणि बोअरचे पाणी जड असते. ते उन्हात गाडीवर सुकले की जे पांढरे ठिपके राहतात ते काढायला पुन्हा पॉलिश, म्हणजे पुन्हा तेच मायक्रॉन. शेवटच्या धुण्यासाठी क्षार काढलेल्या पाण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेव. उजेड, अर्थिंग, ओल्या जमिनीवरची मशीन्स आणि वीज गळताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांविषयी मी तुला काय सांगावे? ते तू मला शिकवशील. इतके दिवस वीजतंत्रीचे काम ‘सोडतो’ म्हणतोस, पण ओरखडे दिसतात ते उजेडात, आणि उजेड कुठून व कोणत्या कोनातून पाडावा हे तुला गल्लीतल्या कोणत्याही डिटेलरपेक्षा चांगले कळते.

हिशेबाचा तुझा कागद मी दोनदा वाचला. महिन्याला २० कोटिंग धरली आहेस. धुणे, क्ले (मातीसारख्या वडीने रंगात रुतलेला मळ ओढून काढणे), पॉलिश, पुसणी, कोटिंग आणि ते सुकणे मिळून एका गाडीला एका माणसाचे दोन ते तीन दिवस जातात. २६ दिवसांत दहाच गाड्या होतात, आणि त्याही रोज गिऱ्हाईक दारात उभे असेल तर. बाकीचे पोट धुण्यावर आणि आतल्या साफसफाईवर भरेल. पावसाळ्यात कोटिंगला कोणी येणार नाही, पण ओल्या मॅटचा कुबट वास आणि सीटवरची बुरशी घेऊन येतील, तेव्हा व्हॅक्युमचे यंत्र आधी घे. पितृपक्षात शोरूममधून कोणी गाडी उचलत नाही, त्यामुळे ते पंधरा दिवस कोरडे जातील. त्यानंतर दसरा-दिवाळीला मात्र तुला दोन हात पुरणार नाहीत.

म्हणूनच तू या महिनाअखेरीस राजीनामा द्यावास हे मला पटत नाही. तू मार्चमध्ये नऊ वर्षे पूर्ण केलीस. प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि सहा महिने किंवा त्याहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे सप्टेंबर ओलांडलास की ५८ व्या वर्षीच्या पेन्शनचा हक्क तुझ्या पदरात पडतो. तीन महिन्यांच्या घाईसाठी तो सोडू नकोस. ग्रॅच्युइटी मिळेल ती धंद्यात घाल, फंडाला हात लावू नकोस. बाकी लागणाऱ्या रकमेसाठी मुद्रा योजनेत बँकेला विचार. ५ लाखांपर्यंतचे कर्ज त्यांच्या ‘किशोर’ गटात बसते, त्याहून मोठे कर्ज पहिल्या वर्षी काढू नये असे माझे मत आहे. कंपनीचे वैद्यकीय संरक्षण जाईल त्याआधी सूनबाई आणि चिमीसह विमा उतरवून घे. आणि तुझा वायरमनचा परवाना वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा. तो कपाटात पडून राहिला तरी चालेल, पण मुदत संपू देऊ नकोस. यात तुझ्या धंद्याबद्दल अपशकुन करण्याचा हेतू नाही. दोन वर्षे आयटीआयमध्ये आणि पुढे शिकाऊ म्हणून उमेदवारी करून तो तू मिळवला आहेस, एवढेच मी पाहतो.

तेव्हा जुलै ते सप्टेंबर नोकरी चालू ठेव आणि दर रविवारी इकडे ये. भोसरीच्या भंगारवाल्याकडून मी दोन बॉनेटे आणून गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवली आहेत. एकावर कारखान्यातला मूळ रंग आहे आणि दुसरे गॅरेजात रंगवलेले आहे. कोणते कोणते हे मी सांगणार नाही. येताना मीटर आणू नकोस. आधी बॅटरीच्या उजेडात आणि हाताने चाचपून सांग, मग मशीन लावू. एक तरी कड तू माझ्यादेखत जाळशील, म्हणजे प्रायमर दिसेपर्यंत घासशील, असे मी धरून चाललो आहे. पत्रा भंगाराचा आहे, काळजी करू नकोस.

आईने कोकमाची बाटली भरून ठेवली आहे, ती न्यायला विसरू नकोस. चिमीला गोड पापा.

तुझे,
आप्पा